बेझंटबाईंचे दोन खटले

मुंबईला मावशीकडे जायचं म्हणजे बस वरळीला डॉ. अ‍ॅनी बेझंट रोडवरून जाते. मला कितीतरी वर्षं वाटायचं की या बाई डॉक्टर असणार आणि तिथेच कुठेतरी त्यांचा दवाखाना असणार! मग शाळेच्या इतिहासात त्या भेटल्या, होमरूल लीगच्या रिकाम्या जागेत. एक मार्क मिळाला आणि बाई विसरल्या. (ते ‘डॉ.’ म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठानं 1921 मध्ये दिलेली मानद पदवी, हे आत्ता या लेखासाठी वाचताना कळलं.)

मराठी विभागासाठी कुणातरी थोर व्यक्तीचं चरित्र दे, असं आमच्या संपादक मॅडमनी सांगितलं तेव्हा सबमिशन्स तोंडावर होती. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे मराठीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. होमरूलबद्दल मी फार लिहिणार नाही, ते गाइडमध्ये आहे. मला लिहायचंय बेझंटबाईंच्या दोन कोर्टकेसेसबद्दल. पहिली 1878 सालची, लंडनमधली. त्यात कोर्टानं त्यांची मुलगी त्यांच्याकडून काढून घेतली. दुसरी 1913 ची, मद्रासची. त्यात एक बाप आपली दोन मुलं बेझंटबाईंकडून परत मागत होता. दोन्ही केसेसमध्ये बाई त्याच, फक्त मधे 35 वर्षं गेली आणि त्यांची बाजू बदलली.

अ‍ॅनी वुड यांचा जन्म 1 ऑक्टोबर 1847 चा, लंडनचा. पाच वर्षांच्या असताना वडील गेले. पैसा नव्हता. आईनं हॅरोच्या प्रसिद्ध शाळेतल्या मुलांसाठी बोर्डिंग चालवायला घेतलं (म्हणजे आपल्या भाषेत मेस आणि हॉस्टेल दोन्ही!), पण त्यात मुलीकडे बघणं जमेना. तेव्हा एलन मॅरियट नावाच्या एका बाईंनी अ‍ॅनीला आपल्याकडे नेलं आणि शिकवलं. या मिस मॅरियट म्हणजे समुद्रावरच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या कॅप्टन मॅरियट यांच्या बहीण. आई जिवंत असताना अ‍ॅनी वाढली दुसऱ्या बाईच्या घरी, आणि चांगली वाढली. भाषा, भूगोल, प्रवास, सगळं त्या घरात मिळालं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1867 मध्ये, विशीत, त्यांचं लग्न फ्रँक बेझंट या पाद्र्याशी झालं. 1869 मध्ये मुलगा डिग्बी, 1870 मध्ये मुलगी मेबल. संसार पहिल्यापासून बिनसलेला. बाई कथा लिहायच्या. एका कथेचे 30 शिलिंग आले, आयुष्यातली पहिली कमाई, आणि कळलं की कायद्यानं हे पैसे नवऱ्याचे! नवऱ्यानं मारहाण केल्याचा आरोपही त्यांनी पुढे केला. 1871 मध्ये तान्ह्या मेबलला भयंकर डांग्या खोकला झाला. ती वाचेल की नाही अशी वेळ आली. रात्र रात्र तिला घेऊन बसलेल्या या पाद्र्याच्या बायकोला प्रश्न पडला की दयाळू देव एवढ्याशा जिवाला असं का छळतो. मेबल वाचली, श्रद्धा काही वाचली नाही. पुढे नवऱ्यानं सांगितलं, चर्चमध्ये येऊन प्रभुभोजन घे, नाहीतर घर सोड. 1873 मध्ये बाईंनी घर सोडलं.

आता थोडा कायदा, कंटाळू नका. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये मूल हे बापाचं. आई कितीही चांगली असो, बाप मुलाला उचलून नेऊ शकत होता आणि आईला भेटूही द्यायचं की नाही हे तोच ठरवत होता. कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेची तीन मुलं नवऱ्यानं अशीच नेली. तिनं पत्रकं लिहून, खासदारांच्या मागे लागून 1839 मध्ये कायदा करून घेतला. त्यानं आईला निदान सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा मागता येऊ लागला. 1873 मध्ये हे वय 16 पर्यंत वाढलं. शिवाय नवरा-बायकोनं वेगळं होताना मुलं आईकडे राहतील असा करार केला तर केवळ तेवढ्यामुळे तो रद्द ठरणार नाही असंही त्या कायद्यात आलं. पण एक अट होती. असा करार मुलाच्या हिताचा नाही असं कोर्टाला वाटलं तर कोर्ट तो पाळायला लावणार नाही.

बेझंट नवरा-बायकोचा करार याच वर्षीचा. डिग्बी वडिलांकडे, मेबल आईकडे. मेबलनं वर्षातले 11 महिने आईजवळ राहायचं, एक महिना वडिलांकडे, आणि डिग्बीचं याच्या उलट. बाईंना थोडीशी पोटगी. घटस्फोट नाहीच, कागदोपत्री त्या शेवटपर्यंत मिसेस बेझंटच राहिल्या.

पुढची चार वर्षं धावपळीची. चार्ल्स ब्रॅडलॉ या नास्तिक पुढाऱ्याशी ओळख झाली आणि बाई भाषणं देऊ लागल्या, लेख लिहू लागल्या. 1877 मध्ये दोघांनी मिळून चार्ल्स नोल्टन या अमेरिकन डॉक्टरचं संततिनियमनावरचं जुनं पुस्तक पुन्हा छापलं. आधी वर्षाला सातेकशे प्रती खपायच्या, आता तीन महिन्यांत सव्वा लाख! (बंदी घालायला गेलं की असंच होतं, हे आपल्याकडे र. धों. कर्व्यांच्या विरोधकांनाही कळलं नव्हतं.) अश्लीलतेचा खटला झाला. बाईंनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. बाई वकील होऊच शकत नव्हती तो हा काळ. सहा महिने तुरुंग आणि 200 पौंड दंड अशी शिक्षा झाली, पण 1878 च्या फेब्रुवारीत अपिलात ती आरोपपत्रातल्या तांत्रिक चुकीवर रद्द झाली. बाई सुटल्या.

फ्रँक बेझंट याच संधीची वाट बघत होते. त्यांनी मेबलचा ताबा मागितला. कारणं दोन, आई नास्तिक आहे आणि तिनं ते पुस्तक छापलं आहे. मेबल तेव्हा सात वर्षांची, आणि नेमकी त्याच सुमारास स्कार्लेट फीव्हरनं आजारी. 1878 च्या मे महिन्यात सर जॉर्ज जेसेल यांच्यापुढे सुनावणी झाली. बाई पुन्हा स्वतःच उभ्या राहिल्या आणि जजसाहेबांना एखादी बाई आपल्यासमोर वाद घालतेय हेच पसंत पडलं नाही. जेसेल स्वतः ज्यू होते, इंग्लंडमध्ये इतक्या वरच्या न्यायासनावर बसणारे पहिलेच. धर्मामुळे माणसाला काय काय नाकारलं जातं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण निकाल त्यांनी दिला तो असा : आई मुलीवर माया करते, तिची काळजी घेते हे मान्य. पण तिनं मुलीला शाळेतल्या धर्मशिक्षणापासून दूर ठेवलं आणि ते पुस्तक छापलं. अशा बाईशी सभ्य बायका संबंध ठेवणार नाहीत, आणि त्याचा फटका मुलीला बसेल. म्हणून करार बाजूला ठेवून मुलगी वडिलांना द्यावी.

मेबलला न्यायला माणूस आला तेव्हा ती तापातून पुरती सावरलेली नव्हती. ती किंचाळत, झटापट करत, भीतीनं वेडीपिशी होऊन गेली असं बाईंनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्यानंतर त्या स्वतः तापानं फणफणल्या.

मग अपील. 1879 मध्ये वरच्या कोर्टानंही ताबा वडिलांकडेच ठेवला. गंमत म्हणजे, मुलीपुरता जो करार कोर्टानं बाजूला सारला, तोच करार बाई नवऱ्याविरुद्ध दाद मागायला गेल्या तेव्हा त्यांच्या आड आला. तुम्ही सही केली आहे, आता काही मागता येणार नाही! मुलांना भेटण्याची परवानगी मात्र मिळाली.

ती भेट कशी होती तर मुलांभोवती पहारा, आईबद्दल त्यांच्या मनात भरवलेलं भलतंसलतं, आणि प्रत्येक भेटीनंतर मुलांना होणारा त्रास. शेवटी बाईंनी ठरवलं की मुलं मोठी होऊन आपली आपण विचार करू लागेपर्यंत भेटायचं नाही, पत्रही लिहायचं नाही. मेबल तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांची.

चरित्रांमध्ये हा निर्णय मोठा त्याग म्हणून येतो. इथे मला थांबावंसं वाटतं. माझे आईवडील मी सहा वर्षांची असताना वेगळे झाले. दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मी कोर्टातल्या एका खोलीत बाबांना भेटायचे. तिथे एक प्लास्टिकची घसरगुंडी होती आणि भिंतीवर मिकी माऊस काढला होता, त्याचे कान वेगवेगळ्या आकाराचे होते. आई बाहेर बाकावर बसायची. आत एक बाई वहीत काहीतरी लिहीत बसायच्या. बाबा येताना कॅडबरी आणायचे आणि शाळेचं विचारायचे, मी एका शब्दात उत्तर द्यायचे. भेट अशी काही खास नसायचीच. पुढे पुढे बाबांचे शनिवार चुकायला लागले. मोठं झाल्यावर त्यांनी सांगितलं की मला तिथे येऊन कसंतरी होत असेल म्हणून ते यायचे नाहीत. त्यांच्या बाजूनं ते खरंही असेल. पण मला तेव्हा फक्त एवढंच दिसायचं की साडेअकरा वाजले, बारा वाजले, आणि घसरगुंडीवर दुसरंच कुणीतरी पोर खेळतंय.

त्यामुळे बेझंटबाईंना मी या बाबतीत शंभर टक्के माफ करू शकत नाही. मेबलला काय वाटलं असेल ते कुणी विचारलेलं दिसत नाही. पण एक मात्र खरं, मोठी झाल्यावर मेबल आणि डिग्बी दोघंही आईकडे परत आले, आणि दोघांनीही आईची वाट धरून थिऑसॉफी स्वीकारली. मेबलचं लग्न 1892 मध्ये अर्नेस्ट स्कॉट यांच्याशी झालं आणि ती ऑस्ट्रेलियाला गेली.

मुलं नसताना मधल्या काळात बाईंनी जे केलं त्यावर चार पुस्तकं होतील. लंडन विद्यापीठात विज्ञान शिकल्या, 1888 मध्ये आगपेट्यांच्या कारखान्यातल्या पोरींच्या संपात उतरल्या, त्याच वर्षी लंडनच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या. 1889 मध्ये मॅडम ब्लाव्हाट्स्की यांचा ग्रंथ वाचला आणि ही कट्टर नास्तिक बाई चक्क थिऑसॉफिस्ट झाली! 1893 मध्ये भारतात आल्या, 1898 मध्ये बनारसला सेंट्रल हिंदू कॉलेज काढलं आणि 1907 मध्ये सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. मुक्काम मद्रासजवळच्या अड्यारला, समुद्रकाठी.

दुसरी केस इथून सुरू होते.

जिद्दू नारायणय्या हे आंध्रातल्या मदनपल्लीचे सरकारी खात्यातले निवृत्त कर्मचारी आणि जुने थिऑसॉफिस्ट. 1905 मध्ये त्यांची बायको वारली. 1909 मध्ये नोकरीसाठी मुलांना घेऊन ते अड्यारला आले. त्यांचा एक मुलगा शाळेत मठ्ठ म्हणून रोज मार खाणारा. त्याला समुद्रकिनाऱ्यावर सी. डब्ल्यू. लेडबीटर या थिऑसॉफिस्ट साहेबांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं की येणारा जगद्गुरू याच्या शरीरात प्रकट होणार. तो मुलगा म्हणजे जे. कृष्णमूर्ती. बेझंटबाईंनाही ते पटलं. 6 मार्च 1910 रोजी नारायणय्यांनी कृष्णा आणि त्याचा धाकटा भाऊ नित्या यांचं पालकत्व सही करून बाईंकडे दिलं. कृष्णा तेव्हा 14 वर्षांचा, नित्या 11.

नारायणय्यांनी सही का केली? नक्की कुणाच्या मनातलं सांगता येत नाही, पण आई नसलेली पोरं, तुटपुंजं उत्पन्न, आणि समोर साक्षात सोसायटीच्या अध्यक्ष, मुलांना इंग्लंडला शिकवू म्हणणाऱ्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही केली असती बहुतेक.

पुढे त्यांचं मन फिरलं. लेडबीटर यांच्यावर मुलांशी गैरवर्तनाचे आरोप 1906 मध्येच झाले होते, त्यांना सोसायटी सोडावी लागली होती आणि नंतर परत घेतलं गेलं होतं. त्यामुळे बापाची भीती अगदीच हवेतली नव्हती. 1912 च्या सुरुवातीला मुलं इंग्लंडला निघाली तेव्हा लेडबीटरपासून त्यांना दूर ठेवा, एवढीच त्यांची मागणी होती. आणि बाईंनी काय केलं? मुलांना घेऊन त्या सिसिलीतल्या ताओर्मिना गावी गेल्या, जिथे लेडबीटरही होते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून मेसला निघून गेले. तिथे कारल्याची भाजी होती.

नारायणय्या कोर्टात गेले. त्यांच्या बाजूनं उभे होते तरुण वकील सी. पी. रामस्वामी अय्यर, जे पुढे होमरूल चळवळीत बाईंचेच सहकारी झाले! बाईंनी मात्र 35 वर्षांपूर्वीसारखीच स्वतःची केस स्वतः चालवली. 1913 च्या एप्रिलमध्ये मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती बेकवेल यांनी निकाल दिला. लेडबीटरवरचे आरोप सिद्ध झाले नाहीत, पण मुलं बापाला परत द्या. ऑक्टोबरमध्ये अपीलही फेटाळलं गेलं. बाई लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेल्या.

आता पाहा. 1878 मध्ये त्यांचं म्हणणं होतं, करार झालाय, मुलगी माझी आहे, मी तिला जपते, माझ्या मतांवरून तिला ओढून नेऊ नका. 1913 मध्येही म्हणणं जवळजवळ तेच : करार झालाय, मी मुलांना जपते, माझ्या मतांवरून त्यांना ओढून नेऊ नका. फक्त तेव्हा समोर होता कायद्याचा, चर्चचा आणि समाजाचा पाठिंबा असलेला नवरा. आणि आता समोर एक गरीब विधुर, आणि सगळं वजन बाईंच्या पारड्यात. मला वाटतं त्यांना आपण जेसेल किंवा फ्रँक बेझंट झालोय असं कधी वाटलंच नसेल. त्यांना आपण मिस मॅरियट आहोत असं वाटत असणार. आईबापाला झेपत नाही म्हणून दुसऱ्या कुणी मुलाला घरी नेलं, शिकवलं, माणसात आणलं, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. मिस मॅरियट अ‍ॅनीला सुट्टीत आईकडे पाठवायच्या, हा फरक मात्र त्यांच्या लक्षात आला नाही.

प्रिव्ही कौन्सिलचा निकाल 1914 च्या मे महिन्यात लागला, बाईंच्या बाजूनं. आजही भारतातल्या पालकत्वाच्या केसेसमध्ये त्याचा दाखला देतात. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की बापानं आपलं पालकत्व दुसऱ्याला सोपवलं तरी ते कायमचं विकल्यासारखं होत नाही, तो ते परत घेऊ शकतो. पण मधल्या काळात मुलाची नवी नाती, नव्या आशा तयार झाल्या असतील आणि त्या तोडणं मुलाच्या हिताचं नसेल, तर कोर्ट बापाला अडवू शकतं. म्हणजे तत्त्व म्हणून नारायणय्यांचंही काही चुकलं नव्हतं. दुसरी गोष्ट अशी की मुलं होती इंग्लंडमध्ये, खटला चालला मद्रासला. त्यांना जहाजावर चढवून आणा असा हुकूम दिला गेला, पण त्यांची बाजू मांडायला कुणी नव्हतं. त्यांना काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं. बापाला पाहिजे तर त्यानं इंग्लंडच्या कोर्टात जावं, असं सांगून मद्रासचा निकाल रद्द झाला. नारायणय्यांसाठी इंग्लंडचं कोर्ट म्हणजे चंद्रावरचंच. केस तिथेच संपली. तोवर कृष्णमूर्ती 19 वर्षांचे झाले होते.

मूल समजण्याच्या वयाचं असेल तर त्याची इच्छा कोर्टानं विचारात घेता येते, हे आपल्याकडच्या 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यातच लिहिलेलं आहे. मी नऊ वर्षांची असताना जजबाईंनी मला त्यांच्या चेंबरमध्ये एकटीला बोलावलं होतं. पेढा दिला आणि विचारलं, तुला कुणाकडे राहायला आवडतं? मी म्हटलं, आजीकडे. त्या हसल्या नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. ते वाक्य कोर्टाच्या कुठल्यातरी फायलीत अजून असेल.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. 1916 मध्ये टिळकांनी एप्रिलमध्ये आणि बाईंनी सप्टेंबरमध्ये होमरूल लीग काढली. 1917 मध्ये सरकारनं बाईंना उटीला स्थानबद्ध केलं, तीन महिन्यांत सोडावं लागलं, आणि त्याच डिसेंबरमध्ये कलकत्त्याला त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. फ्रँक बेझंट त्याच वर्षी वारले, म्हणजे 44 वर्षांनी त्या लग्नातून खऱ्या अर्थानं मोकळ्या झाल्या. नारायणय्या 1924 मध्ये गेले. नित्या 1925 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओहाय इथे क्षयानं गेला, 27 वर्षांचा होता.

ज्या कृष्णासाठी बाई प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढल्या त्याच्यासाठी त्यांनी एक संघटना काढली होती, ऑर्डर ऑफ द स्टार. हजारो सभासद, जमिनी, देणग्या. 1929 च्या ऑगस्टमध्ये हॉलंडमधल्या ओमेन इथे तिचं शिबिर भरलं. सुमारे तीन हजार माणसांसमोर कृष्णमूर्ती उभे राहिले आणि म्हणाले की मी कुणाचा गुरू नाही, मला शिष्य नकोत, ही संघटना मी आज बरखास्त करतो. 81 वर्षांच्या बेझंटबाई समोर बसून ऐकत होत्या.

त्यानंतर चार वर्षांनी, 20 सप्टेंबर 1933 ला, त्या अड्यारला गेल्या. कृष्णमूर्ती शेवटपर्यंत त्यांना अम्मा म्हणत.